सातारा-सांगलीहून थीम पार्कला जायचंय आणि सोबत व्हीलचेअर आहे

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्याकडे घरोघरी खोपोलीच्या इमॅजिकाचा विषय निघतो. ज्या घरात कुणी व्हीलचेअरवर असतं, कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालतं, किंवा गर्दी-गोंगाट सहन न होणारं मूल असतं, तिथं लगेच पुढचा प्रश्न येतो, "पण ह्याचं कसं करायचं?" मग एकतर सगळ्यांचंच जाणं रद्द होतं. नाहीतर सगळे जातात आणि ज्याच्यावरून प्रश्न निघाला तो दिवसभर सावलीत बॅगा सांभाळत बसतो. मला दुसरा प्रकार जास्त वाईट वाटतो. तिकीट त्याचंही काढलेलं असतं, फोटोतही तो असतो, पण दिवस त्याचा नसतो.

माझा भाचा व्हीलचेअर वापरतो. त्याला स्नायूंचा आजार आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पाळणे, चक्रं, पाण्यात आदळणाऱ्या बोटी यांचं त्याला भयंकर वेड. त्याच्यासोबत फिरताना जे कामाला आलं ते इथं क्रमानं लिहितोय. पहिल्यांदाच असा बेत आखणाऱ्यांसाठी आहे, म्हणून बारकावे जास्त आहेत.

सुरुवात त्याच्यापासूनच

नातेवाइकांच्या ग्रुपवर तारीख ठरवण्याआधी ज्याच्यासाठी सगळी तयारी चालली आहे त्याला विचारा, तुला तिथं काय करायचंय? पार्कच्या राइडचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर सापडतात. शेजारी बसून दाखवा आणि त्याला चार-पाच निवडू द्या. आपण आपल्या मनानं ठरवतो की बाबांना काही गंमत वाटणार नाही, ताईला भीती वाटेल. विचारलं तर बाबांना नेमका अंधारातला रोलर कोस्टर हवा असतो आणि ताईला फक्त संध्याकाळची रोषणाई बघत निवांत बसायचं असतं. दोन्ही उत्तरं मोलाची, कारण पुढची सगळी चौकशी त्यावरच उभी राहते. पार्कात पंचवीस गोष्टी असतात. आपल्याला पाच जमवायच्या आहेत, त्याही त्याच्या पसंतीच्या.

घरी टेप घ्या आणि मोजा

पार्कात तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "यांना चालता येतं का?" याला हो किंवा नाही असं उत्तर दिलं की गडबड होते. हो म्हटलं तर माणूस चाळीस पायऱ्यांच्या रांगेत अडकतो. नाही म्हटलं तर ज्या राइडवर तो सहज बसला असता तिथूनही परत पाठवतात. म्हणून उत्तर नेमकं, आकड्यांत तयार ठेवायचं. आधार घेऊन किती पायऱ्या चढता येतात? उतरताना किती? हात धरला तर किती वेळ उभं राहता येतं? पाठीला टेकू नसेल तर स्वतःचा तोल सांभाळून बसता येतं का? समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरता येतो का, आणि धक्का बसला तर मान सावरता येते का? व्हीलचेअरवरून शेजारच्या खुर्चीवर स्वतः सरकता येतं, एकाच्या मदतीनं, की दोघांनी उचलावंच लागतं?

ही माहिती कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आमच्या कागदावर असं आहे: "उभं राहता येत नाही. टेकू असेल तर बसता येतं. हातानं दांडा धरता येतो, पण जोर कमी. मान धक्क्यानं मागं जाते. दोघांनी उचलावं लागतं, काखेत धरायचं नाही." शेवटची सूचना या आजाराच्या मुलांसाठी फार महत्त्वाची. खांद्याचे स्नायू सैल असतात, काखेत हात घालून उचललं की मूल हातांतून खाली निसटतं. एकानं मागून छातीभोवती हातांचा विळखा घालायचा, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली हात घालायचे, आणि तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम उचलायचं. याचा घरी पलंगावर सराव करा. पाण्याच्या बोटीच्या काठावर, मागं रांग खोळंबलेली असताना पहिला प्रयोग नको.

व्हीलचेअरही मोजा. घडीची साधी चेअर बाहेरून २४ ते २६ इंच रुंद असते. चाकाच्या बाहेरच्या कडीपासून कडीपर्यंत मोजायचं, नुसती बसायची जागा नाही. घडी घातल्यावर गाडीच्या डिकीत बसते का तेही बघून ठेवा. भाड्याची गाडी सीएनजीची असेल तर डिकीत टाकी असते आणि तिथं चेअर बसत नाही, हे लोकांना निघायच्या पहाटे कळतं. गाडीवाल्या दादांना आदल्या दिवशीच चेअर घालून दाखवायला सांगा.

जे एरवी चालतात पण थकतात, गुडघे दुखतात, दम लागतो, अशा आजी-आजोबांसाठी सरळ व्हीलचेअर घ्या. मोठ्या पार्कात दिवसभरात काही किलोमीटर पायपीट होते. सर्जिकल साहित्याच्या दुकानांत चेअर दिवसाच्या भाड्यानं मिळते. सांगलीकरांना तर मिरज शेजारीच आहे, तिथं दवाखान्यांच्या रस्त्यांवर अशी दुकानं भरपूर. "मी काय अपंग आहे का?" म्हणून आजोबा आढेवेढे घेतील. त्यांना सांगा, आधी बॅगा ठेवू, दमलात की तुम्ही बसा. दुपारी दोनच्या उन्हात ते आपणहून बसतात.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

"डॉक्टर, थीम पार्कला नेऊ का?" असं विचारलं तर "न्या की, पण जपून" एवढंच उत्तर मिळतं. त्यांना राइडचा व्हिडिओ दाखवा आणि याच्यावर बसवू का, असं विचारा. काही गोष्टी तर आवर्जून विचारायच्याच. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. अशांना मान झटकणाऱ्या राइड धोक्याच्या, म्हणून आधी डॉक्टरांचा स्पष्ट शब्द हवा. डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) बसवलेलं मूल, पेसमेकर, मणक्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडांचा आजार, रक्त न गोठण्याचा आजार, यांबाबतही तेच. फिट येत असतील तर लखलखणाऱ्या दिव्यांच्या राइड टाळायच्या का, आणि अपुऱ्या झोपेनं फिट येते का, हे दोन्ही विचारा. पहाटे तीनला उठून निघणं हे दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र, असलेल्या मुलाचा बाहेरचा प्रोसेसर वेगवान राइडआधी काढून डबीत ठेवायचा. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर तयार होणाऱ्या स्थिर विजेचा त्याला त्रास होऊ शकतो, म्हणून तिथंही काढलेला बरा.

मणक्याला मार लागून ज्यांच्या छातीखालच्या भागात संवेदना नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अंगाला घाम नीट येत नसल्यामुळं ऊन पटकन चढतं. आणि कडक सीटवर बसल्यावर टोचलं तरी कळत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढं वाकून किंवा कुशीला झुकून वजन हलवायचं, मोबाइलवर गजर लावून. रात्री आरशानं किंवा घरच्यांच्या मदतीनं कातडी तपासायची. लाल डाग दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर बसायचं नाही.

पार्कला फोन

संकेतस्थळावर "व्हीलचेअर उपलब्ध" एवढंच वाचून निघू नका. फोन करा, आणि तिकीट विकणाऱ्या माणसाकडून राइडची व्यवस्था बघणाऱ्या माणसाकडे फोन द्यायला लावा. भाच्यानं निवडलेल्या पाच राइडची नावं घेऊन एकेक विचारायचं. रांगेत पायऱ्या आहेत का, आणि व्हीलचेअरसाठी वेगळं दार आहे का? बसायची जागा फलाटाच्या पातळीला आहे की खाली उतरावं लागतं? राइड मध्येच बंद पडली तर बाहेर कसं काढतात?

हा शेवटचा प्रश्न आपल्या लक्षात येत नाही, पण पार्कवाल्यांच्या बऱ्याच नकारांचं मूळ तिथंच असतं. रोलर कोस्टर वर चढताना थांबला तर रुळाशेजारच्या अरुंद जिन्यानं एकेकाला चालत उतरवतात. ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत त्याला तिथून आणणं अवघड. हे कळलं की कुठल्या राइडवर आग्रह धरायचा आणि कुठं नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

याच फोनवर बाकीचंही उरकून घ्या. व्हीलचेअर तिथं मिळते का, भाडं आणि अनामत किती, आधी राखून ठेवता येते का. दिव्यांग व्यक्तीला किंवा सोबत्याला तिकिटात सवलत आहे का. औषध म्हणून द्यायचं खाणं आत नेता येईल का. मोठ्या व्यक्तीचं डायपर बदलायला आडोशाची खोली आहे का. बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि जमलं तर तेच सगळं ईमेलवर पाठवून उत्तर मागवा. गेटवर "असं कुणी सांगितलं?" झालं तर ईमेल दाखवता येतो.

कागदपत्रं

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सोबत हवंच. सातारकरांचं हे काम क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात होतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. वेळ लागतो, म्हणून सहलीच्या आठवड्यात धावपळ नको. याच कार्डावर एसटीच्या प्रवासभाड्यात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. रेल्वेची सवलत वेगळी आहे, त्यासाठी रेल्वेनं ठरवलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

कायद्याची थोडी माहितीही असू द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी वास्तूंपुरती नाही. लोक जिथं ये-जा करतात अशा खासगी आणि मनोरंजनाच्या जागाही तिच्यात येतात. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याचे, किमान निकष ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत असं म्हटलं आणि केंद्राला नवे नियम करायला सांगितले. गेटवरच्या पोराशी यावरून भांडायचं नाही, त्याच्या हातात काही नसतं. पण व्यवस्थापकाशी बोलताना किंवा नंतर तक्रार लिहिताना हे माहीत असलं की बोलणं विनवणीचं राहत नाही.

दिवस कोणता निवडायचा

रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळी आणि मे महिना सोडा. डिसेंबर-जानेवारीचे कामाचे दिवसही निवांत नसतात, कारण तेव्हा शाळांच्या सहली असतात आणि बसच्या बस भरून पोरं येतात. माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, मंगळवार ते गुरुवार. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, बाकीच्या मुलांचीही शाळा असते आणि ऊन अजून असह्य झालेलं नसतं. तुमच्या मुलाची दोन-तीन दिवस शाळा बुडेल. बुडू द्या. पावसाळ्यात खोपोलीकडं पाऊस कोसळतो. ओली फरशी आणि कुबड्या यांचं जमत नाही.

सातारा ते खोपोली सुमारे दोनशे किलोमीटर. सांगलीहून तीनशेच्या पुढं. एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं, धडधाकट लोक करतातही, पण आपण करू नये. चार-पाच तास गाडीत बसलेल्या माणसाची पाठ आणि पाय पार्कात पोहोचेपर्यंतच संपलेले असतात. आदल्या दुपारी निघा, पुण्यात पाव्हण्यांकडं नाहीतर लोणावळ्या-खोपोलीच्या बाजूला मुक्काम करा, सकाळी ताजे होऊन दार उघडायच्या वेळी हजर व्हा. हॉटेलवाल्याला "व्हीलचेअर चालेल का?" विचारू नका, तो हो म्हणणारच. बाथरूमच्या दाराचा टेप लावलेला फोटो मागा.

वाटेत थांबे ठरवून घ्या. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की एक, पुण्यानंतर द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला दुसरा. मोठ्या फूड मॉलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळं टॉयलेट असतं, पण अनेकदा ते कुलूपबंद असतं किंवा आत झाडू-बादल्या रचलेल्या असतात. गाडीतून माणसाला उतरवायच्या आधी एकानं पुढं जाऊन दार उघडून बघून यायचं. चावी कुणाकडं आहे ते शोधण्यात दहा मिनिटं जातात, तेवढा वेळ त्यानं बाहेर ताटकळत का काढायचा? खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी लागत असेल तर गोळी निघायच्या आधी द्या, घाटात दिलेली उपयोगाची नाही.

आधी गावात रंगीत तालीम

मोठा पार्क हीच पहिली गर्दी असू नये. साताऱ्यात राजवाड्यावर गांधी मैदानाच्या परिसरात शनिवारी संध्याकाळी चेअर घेऊन तासभर फिरा. सांगलीत आमराईत जा, मग गणपती मंदिराच्या गर्दीच्या वेळी. किती वेळानं चिडचिड सुरू होते, चेअर ढकलणारा कधी दमतो, पाणी प्यायल्यापासून किती वेळानं टॉयलेट लागतं, हे तिथं कळतं.

तालमीत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. आपली माणसं मदतीला तत्पर. दोन पायऱ्या दिसल्या की चार जण धावून येतात आणि "चला, उचला" म्हणत जिथं हात पडेल तिथं चेअर धरतात. घडीच्या चेअरचे हात (कोपर टेकायचे बाजूचे दांडे) आणि पायपट्ट्या (पाय ठेवायच्या पट्ट्या) निघणाऱ्या असतात. त्यांना धरून उचललं की ते हातात येतात आणि चेअर माणसासकट कलंडते. म्हणून मोठ्या आवाजात, न लाजता सांगायला शिका: "थांबा दादा, चेअरच्या हाताला धरू नका, खालच्या नळीला धरा." हे वाक्य बसलेल्या माणसानं स्वतः म्हटलं तर सगळ्यात उत्तम. आमचा भाचा आता सरसेनापतीसारखा हुकूम सोडतो आणि लोक ऐकतात.

उतार लागला तर चेअर उलटी करून, म्हणजे ढकलणाऱ्यानं मागं मागं चालत उतरायचं. माणसाचं तोंड चढाच्या बाजूला राहतं आणि तो पुढं घसरत नाही. चांगल्या रॅम्पचं प्रमाण एकास बारा, एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. त्याहून उभा रॅम्प दिसला की दोघांनी धरा.

पिशवीत काय

बसायची गादी, मग चेअर पार्कची घेतली तरी गादी आपलीच. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, सुरक्षा तपासणीत प्रश्न येत नाहीत. कॅथेटर (लघवीची नळी), लघवीची पिशवी, डायपर जेवढं लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. एक जाड प्लॅस्टिकची चटई आणि चादर. ओला करून घडी घातलेला पंचा आणि पाण्याची फवारणीची बाटली, उन्हासाठी. कपड्यांचा पूर्ण जोड. चेअरसाठी एलन पाना (षटकोनी टोकाचा), छोटा पंप आणि बांधायच्या चार प्लॅस्टिकच्या पट्ट्या (केबल टाय), कारण पायपट्टीचा स्क्रू नेमका पार्कातच निघतो. इलेक्ट्रिक चेअर असेल तर चार्जर, आणि मोटर बंद करून हातानं ढकलायची कळ कुठं आहे ते सगळ्या मोठ्यांना माहीत हवं.

आत गेल्यावर

राइडकडं धाव घ्यायच्या आधी अतिथी सेवा केंद्रावर जा. नकाशा घ्या, कार्ड दाखवा, फोनवर जे ठरलं ते सांगा. प्रथमोपचार खोली आणि दिव्यांग टॉयलेट कुठं आहेत ते प्रत्यक्ष बघून या, नुसतं नकाशावर नको. मग पसंतीची सगळ्यात मोठी राइड पहिल्याच तासात उरका. तेव्हा रांग छोटी, अंगात ताकद आणि ऊन कोवळं असतं.

राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला आधीच थोडक्यात सांगायचं: "याला दोघं मिळून बसवतो, एक मिनिट लागेल, राइड पूर्ण थांबू द्या." बहुतेक पार्कांत कर्मचाऱ्यांना पाहुण्याला उचलायची परवानगी नसते, म्हणून उचलायला लागणारी दोन माणसं आपलीच हवीत. त्यांतला एक शेजारी बसतो. दुसरा चेअर घेऊन उतरायच्या बाजूला जाऊन उभा राहतो, कारण चढायची आणि उतरायची जागा अनेकदा वेगळी असते. प्रत्येक वेळी क्रम तोच ठेवा. चेअर सीटला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक दाबा, ब्रेक लागला का ते हलवून बघा, पायपट्ट्या वर घ्या, चेअरचा सीटकडच्या बाजूचा हात काढा, मग उचला. घाईत पायपट्टी खाली राहते आणि उचलताना पोटरी सोलवटते. बसवल्यावर आधी कंबर मागं टेकली आहे ना ते बघायचं, मग दांडा खाली घ्यायचा. कंबर चार बोटं पुढं राहिली तर दांडा पोटावर येतो, आणि तो मांडीवर यायला हवा.

कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), कृत्रिम पाय, सैल बूट यांचं काय करायचं ते कर्मचाऱ्याला विचारा. पाय लोंबकळत ठेवणाऱ्या कोस्टरवर ते निखळून खाली माणसांवर पडू शकतात.

दृष्टिहीन सोबती असेल तर राइड रिकामी असताना सीट, दांडा, पायाची जागा हातानं चाचपू द्यायची विनंती करा. नंतर काय होणार ते थोडक्यात सांगा, आधी चढ, मग डावीकडं वळण, मग खाली. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीनं चालकाशी आधीच खूण ठरवून घ्यावी, अंगठा वर म्हणजे तयार, हात आडवा म्हणजे थांबवा. सूचना माइकवरून दिल्या जातात आणि श्रवणयंत्र काढलेलं असतं, म्हणून ही खूण लागतेच.

गोंगाट आणि रांग ज्यांना झेपत नाही

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं अपंगत्व बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्यांच्या आईबापांना बोलणी जास्त बसतात. आठवडाभर आधी पार्कचे फोटो छापून एक छोटी वही करा: ही गाडी, हे गेट, ही रांग, हा पाळणा, इथं जेवण, मग परत घर. रोज एकदा ती वाचा. कानावर बसणारे आवाज रोखणारे हेडफोन घरी वापरून सवय करा. रांगेत एकच मोठं माणूस उभं राहील आणि नंबर जवळ आला की मूल येईल, असं चालेल का, हे केंद्रावर विचारून घ्या. रांग टाळणारं जादा पैशांचं तिकीट मिळत असेल तर अशा मुलासाठी ते पैसे सत्कारणी लागतात, बाकी खर्च कमी करा. मनगटावर फोन नंबर लिहिलेला पट्टा बांधा आणि त्या दिवशीचा फोटो सकाळी कपड्यांसकट काढून ठेवा. मूल बिथरलंच तर समजावणं, रागावणं, मोबाइल दाखवणं काही नको. सकाळी हेरून ठेवलेल्या शांत कोपऱ्यात न्या आणि गप्प बसा. जमलेल्या लोकांना एकानं सांगावं, "त्याला गर्दीचा त्रास होतो, जरा जागा द्या." दुपारी एक वाजता दिवस संपला असं वाटलं तर संपवा.

"नाही" म्हटलं तर

नकार दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. २०११ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्कात दोन्ही पाय गमावलेला माजी सैनिक रोलर कोस्टरवरून फेकला जाऊन दगावला. त्या राइडचा दांडा मांड्यांवर टेकून माणसाला धरतो, आणि मांड्याच नसतील तर तो धरणार कशाला? चालकानं त्याला बसू दिलं होतं. आपला सातारा घरटी सैनिक देणारा जिल्हा. जखमी होऊन परतलेला आपला माणूस कशालाच घाबरत नाही हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय. दांडा शरीराला धरत नसेल तर तिथला नकार मान्य करायचा, कितीही वाईट वाटलं तरी.

दुसरा नकार असा: "व्हीलचेअरवाल्यांना अलाऊड नाही." इथं मागं हटायचं नाही. शांतपणे विचारा, नेमकं कारण काय? बसायचा तोल, दांडा, की बाहेर काढायची व्यवस्था? आपल्याकडं कागदावर उत्तरं तयार आहेत, ती दाखवा. पर्यवेक्षकाला बोलवा. राइडच्या बोर्डावर तशी अट लिहिली आहे का ते बघा आणि फोटो काढा. निम्म्या वेळा चालकाला फक्त जबाबदारीची भीती असते, आणि वरच्यानं येऊन बघितलं की राइड मिळते. हे बोलणं सुरू असताना ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला बाजूला ढकलू नका. तो ऐकतोय, त्यालाही बोलू द्या.

दुपार

बारा ते तीन उन्हात फिरायचं नाही. बंद आणि थंड जागेतले खेळ, नाट्यगृहासारखे कार्यक्रम, जेवण, सगळं या वेळात बसवा. जेवायला पावणेबाराला जा. एक वाजता टेबलांमधून चेअर नेता येत नाही. टॉयलेट लागेल म्हणून पाणी कमी पिणं ही आपल्या लोकांची जुनी सवय, विशेषतः बायकांची. उन्हात ती महागात पडते. कॅथेटर असणाऱ्यांना तर लघवीचा संसर्ग होतो. पाणी पीत राहा आणि टॉयलेट वेळापत्रकानं करा, लागायची वाट बघू नका. आडोशाची खोली नसेल तर प्रथमोपचार खोलीतल्या नर्सना विचारा, मोठ्या मुलाचं डायपर बदलायला तिथला पलंग मिळू शकतो.

पाण्याच्या राइड शेवटी. ओली गादी आणि ओले कपडे घालून तासभर बसलं की कातडी लगेच खराब होते. बोटीतून उतरताच कोरडे कपडे, कोरडी गादी, मगच पुढं. वॉटर पार्कला जायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. बॅटरीची चेअर पाण्याजवळ न्यायची नाही, आणि ओल्या टाइल्सवर कुबड्यांची रबरं झिजलेली चालत नाहीत. निघायच्या आधी नवी घाला, स्वस्त मिळतात.

परतल्यावर

दुसरा दिवस पूर्ण रिकामा ठेवा. चेअरची पुढची छोटी चाकं काढून गुंतलेले केस आणि धागे ओढून काढा, गादीचं कव्हर धुवा, कातडी परत एकदा बघा. मग पार्कला ईमेल लिहा. कुठल्या कर्मचाऱ्यानं चांगली मदत केली त्याचं नाव घालून लिहा, अशा पत्राची तिथं नोंद होते आणि पुढच्या वेळी तो माणूस आणखी पुढं येतो. जिथं अडलं ते राइडचं नाव, वेळ आणि फोटोसह लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडं पाठवा. त्याच्यासोबत तिथं मोजून लिहिलेल्या टिपणाची प्रतही जोडा, किती पायऱ्या होत्या, दार किती इंच होतं, टॉयलेटला कुलूप किती वाजता होतं. "फार गैरसोय झाली" एवढ्यावर कुणी हलत नाही. "दार २३ इंच, चेअर २५ इंच" असं लिहिलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं.